सूचक क्रमांक सात

तहसील कचेरीसमोर ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यासाठी निवडणूक म्हणजे सुगी. एरवी सातबारा, आधार, उत्पन्नाचा दाखला असा दोन-दोन रुपयांचा धंदा. आचारसंहिता लागली की याद्या, पावत्या, प्रतिज्ञापत्रं, त्यांच्या पाच-पाच प्रती, आणि पैसे रोख. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सोळा वर्षं मी हे करतोय. दुकानात सगळ्या पक्षांची माणसं येतात आणि मी सगळ्यांना 'होय साहेब' म्हणतो. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत माझं राजकारण एवढंच होतं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची तारीख जाहीर झाली. तीन-चार दिवसांनी अण्णा आले. अण्णा एसटीत कंडक्टर होते, संप मिटल्यावर थोड्याच दिवसांत रिटायर झाले. त्यांची उभी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, पहाटे कॉलेजची पोरं आणि दुधाचे कॅन घेऊन परत. त्यामुळे मतदारसंघातलं असं गाव नाही जिथे त्यांना कुणी पाणी विचारणार नाही. रिटायर झाल्यापासून त्यांचा उद्योग एकच. वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे सरकारी निराधार अनुदानाचे फॉर्म भरायचे, कागद गोळा करायचे, कचेरीत खेटे घालायचे. झेरॉक्सचे पैसे स्वतःचे. माझ्याकडे त्यांचं वहीत खातं होतं, पेन्शन झाली की ते चुकतं करायचे.

त्या दिवशी पिशवीतून निराधारचा फॉर्म निघाला नाही, मतदार यादी निघाली. आमच्या प्रभागाचा भाग. माझ्या नावावर पेन्सिलीनं खूण.

"दहा सूचक लागतात. सहा झाले. सातवा तू."

उमेदवाराचं नाव सुचवून त्याच्या अर्जावर सही करणारा मतदार तो सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. हे मला पाठ होतं, कारण तो अर्ज मी शेकड्यांनी छापून विकलाय. पण सूचकाच्या रकान्यात माझं नाव येईल असा विचार कधी डोक्यात आला नव्हता. मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

मग सगळे जे विचारतात तेच मी विचारलं. "अण्णा, निवडून याल का?"

"न्हाय."

सोळा वर्षांत एका उमेदवाराच्या तोंडून हे उत्तर मी ऐकलं नव्हतं. सगळे 'वातावरण आहे' म्हणतात. ज्याच्यामागे स्वतःची भावकीही नाही तो जास्त जोरात म्हणतो.

"मग कशाला?"

"मुक्कामी गाड्या बंद झाल्या त्याचे अर्ज दोन वर्षं देतोय. आवक-जावकचा शिक्का मारून मिळतो. उमेदवार झालो की पंधरा दिवस तरी ऐकून घ्यावं लागंल. पोरींच्या शाळा सुटायला लागल्यात, लेका."

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

या दोन दिवसांचे पाच झाले. कारण मी जितक्या लोकांना विचारलं तितकी वेगळी उत्तरं आली, आणि प्रत्येकाला आपलंच उत्तर उघड वाटत होतं. आमच्या जिल्ह्याला त्या वर्षी अपक्षांची नशाच चढली होती. मे महिन्यात लोकसभेला सांगलीतून विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्हावर लाखभर मतांनी निवडून आले, आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामतही गेली. त्यामुळे शेजारचा चहावाला म्हणाला, "कुणाचं काय सांगता येतंय? लिफाफा चालला की." मला हे पटत नव्हतं. वसंतदादांचा नातू, जिल्ह्याची सगळी काँग्रेस आतून सोबत, याला अपक्ष म्हणायचं ते फक्त मतदानयंत्रावर. तिकडे शेजारच्या हातकणंगल्यात २००९ ला राजू शेट्टी लोकांकडून 'एक नोट, एक व्होट' मागत खासदार झाले, तेही खरं. पण त्याच्याआधी ऊसदरासाठी किती वर्षं रस्ते अडवले, किती लाठ्या खाल्ल्या, गावोगाव संघटना उभी केली. अण्णांकडे संघटना म्हणजे मी, आठवणीत राहिलेले प्रवासी आणि अडीचशे म्हाताऱ्या.

घरी सांगितलं तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"आपला ऊस अजून रानात हाय."

एवढंच. आमच्याकडच्या माणसाला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. पाऊण एकर ऊस, नोव्हेंबरात हंगाम सुरू होणार, तोडणीची टोळी कुणाच्या रानात आधी जायची हे कागदावर नोंदीच्या तारखेनं ठरतं आणि प्रत्यक्षात फोनवर. फोन करणारा माणूस कुणाच्या गटाचा हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ऊस उभा राहिला तर वजन घटतं, तुरे येतात, पुढचं पीक लांबतं. तात्यांनी मला 'सही करू नको' म्हटलं नाही. ऊस रानात आहे एवढंच म्हटलं.

बायकोचा आक्षेप वेगळा होता. ती दळण निवडत होती, वर न बघता म्हणाली, "अहो, ते बसणार नाहीत कशावरून?"

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या माहेरी एकजण तीन निवडणुका उभा राहिला आणि तिन्ही वेळा अर्ज मागे घेऊन बसला. दुसऱ्यांदा बसल्यावर घरावर स्लॅब पडला. त्याच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनी काय करायचं? गावात तोंड कुठं दाखवायचं?"

मी चार दिवस चुकीच्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. निवडून येणार का, किती मतं पडणार, अनामत वाचणार का. अण्णांची अनामत वाचणार नव्हती, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आमच्याकडे ती पस्तीस-छत्तीस हजारांच्या घरात जातात. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. विचार करण्यासारखं होतं ते हे, की हा माणूस अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता कुठे असेल. न जिंकणारा उमेदवार आमच्या भागात दोन कारणांनी उभा राहतो. एकतर बसण्याची किंमत मिळावी म्हणून, नाहीतर कुणीतरी दुसऱ्याची मतं कापायला उभा केला म्हणून. दोन्हींत सूचकाची सही म्हणजे विकायला काढलेल्या मालावरचं लेबल.

त्या रात्री मी अण्णांच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेर पत्र्याची शेड. भिंतीवर खिळ्याला त्यांचा जुना तिकिटांचा पत्र्याचा डबा टांगलेला, आणि तिकिटाला भोकं पाडायचा पंच. मशीन आल्यावर तो कुणी परत मागितला नाही म्हणाले. मी आडवळण न घेता विचारलं, पैसे घेऊन बसणार का. असं विचारणं वाईट दिसतं, त्यांच्या मंडळींचा हात चहा गाळता गाळता थांबला. अण्णा मात्र रागावले नाहीत.

"येतील माणसं. मी चहा देईन."

"शब्द देता?"

"शब्दाचं काय. शब्द सगळेच देत्यात. तू सांग काय करू."

मला तिथल्या तिथे सुचलं ते बोललो. माघारीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन तुम्ही माझ्या दुकानात बसायचं, सगळ्यांसमोर, काउंटरच्या स्टुलावर. कचेरीचं दार समोर दिसतं. ते म्हणाले, बरं, आणि पंच काढून उगाच एका वर्तमानपत्राच्या कडेला टिक टिक भोकं पाडत बसले. त्यांनाही काळजी होती हे मला त्या आवाजावरून कळलं.

सही केली. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, सही, तारीख. रकाना सातवा. सही करायला तीन सेकंद लागले, पण दहाही जणांचे अनुक्रमांक पुरवणी यादीशी ताडून बघायला मला अख्खी रात्र लागली. एक आकडा चुकला तर छाननीत अर्ज उडतो आणि मोठ्या पक्षांचे वकील तिथे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. एक आकडा खरोखरच चुकला होता. दहा सूचकांत एक म्हातारी होती, सही न येणारी. तिचा अंगठा आमच्यासमोर चालत नाही, निवडणूक अधिकाऱ्यासमोर उठवावा लागतो. अण्णा म्हणाले, दुसरा कुणीतरी सही करणारा घेऊ. म्हातारी ऐकेना. २८ तारखेला, वसुबारसेला, ती नवं लुगडं नेसून आली. आत उमेदवार धरून पाचच माणसं सोडतात, त्यात आम्ही तिला घेतलं. बाहेर एका पक्षाची मिरवणूक आली होती, जेसीबीवरून गुलाल चालू होता. म्हातारी बाहेर आली ती निळी बोटं वर धरून, जसं काही तिलाच तिकीट मिळालं.

३० ला छाननीत अर्ज टिकला. मग दिवाळी.

भाऊबिजेच्या रात्री पहिला फोन आला, आणि तो अण्णांना नाही, मला आला. लेखी अधिकार दिला असेल तर माघारीची नोटीस सूचकही नेऊन देऊ शकतो, हे फोन करणाऱ्याला नियमासकट ठाऊक होतं. "तुमचं दुकान मोक्याच्या जागी आहे," तो म्हणाला. यात धमकी होती की आमिष, हे मी आजही सांगू शकत नाही. बोलण्याची पट्टी अशी होती की दोन्ही अर्थ निघावेत.

४ नोव्हेंबर, सोमवार. अण्णा पावणेदहालाच स्टुलावर. पिशवीत भाकरी. दिवसभर दुकानासमोरून गाड्या जात-येत होत्या. साडेअकराला दोन माणसं आली, पांढरे कपडे, गॉगल शर्टाला अडकवलेला. अण्णांनी मला चहा सांगायला लावला. त्यांनी बाजूला चला म्हटलं, अण्णा म्हणाले, इथंच बोला, हा आपलाच पोरगा हाय. ते बोलले नाहीत. चहा पिऊन एकाचं आधार कार्ड झेरॉक्स करून गेले, काहीतरी कारण हवं म्हणून. दोन रुपये दिले. समोर कचेरीत माघारीची रांग लागली होती, त्यात दहा दिवसांपूर्वी 'आता माघार नाही' असा बॅनर माझ्याचकडे डिझाइन करून घेतलेला एकजणही होता. पावणेतीनला अण्णांना लघवीला जायचं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ का?" मी लाजलो. "जा की अण्णा." पण ते गेले नाहीत. तीन वाजून दोन मिनिटांनी गेले.

मग चिन्हं. पसंतीची तीन चिन्हं द्यायची असतात. रिक्षा त्यांच्या यादीत तिसरी होती, ती कशी आली ते त्यांनाच माहीत. पहिल्या दोन्हींना दुसरे अपक्षही दावेदार निघाले, चिठ्ठ्या काढल्या, दोन्ही वेळा अण्णा हरले आणि रिक्षा मिळाली. आमच्याकडे एसटीचा वैरी म्हणजे वडाप, खासगी जीप नाहीतर रिक्षा. स्टँडच्या शंभर पावलांवर उभी राहून प्रवासी पळवणारी. आयुष्यभर वडापवाल्यांशी भांडलेल्या कंडक्टरला चिन्ह मिळालं ऑटोरिक्षा. अख्खा बाजार हसला. अण्णांनी प्रचाराला भाड्यानं रिक्षा लावली, पण पहिले दोन दिवस ते स्वतः तिच्यात बसले नाहीत, मागून मोटरसायकलवर गेले.

सही झाली म्हणजे पाठिंबा झाला, असं मला वाटत होतं. तसं नसतं. लगेच दुसरा प्रश्न आला, पत्रकाचा. प्रचाराच्या कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि हातानं नक्कल करणं सोडून कुठल्याही रीतीनं प्रती काढल्या तरी कायद्यानं ती छपाईच, झेरॉक्ससुद्धा. म्हणजे अण्णांचं पत्रक माझ्या मशीनवर निघालं तर खाली माझ्या दुकानाचं नाव. दहा सूचकांची नावं कोण बघायला जातंय, पण पत्रक घराघरात जाणार.

तेव्हा माझ्याकडे एका मोठ्या उमेदवाराचं काम होतं, बूथवार याद्या आणि मतदार चिठ्ठ्या. नुसत्या त्या कामात दुकानाचं चार महिन्यांचं भाडं निघणार होतं. मी अण्णांना सांगलीला छापून घ्या म्हणू शकलो असतो. ते काही म्हणालेही नसते. मी एक दिवस टाळलं. दुसऱ्या दिवशी ते मजकूर घेऊन आले. एका बाजूला बंद झालेल्या गाड्यांची नावं आणि वेळा, जशा स्टँडवर पाटीवर असतात तशा. दुसऱ्या बाजूला एकच वाक्य: या गाड्या कोण सुरू करणार ते सभेत विचारा. स्वतःला मत द्या असं कुठेच नव्हतं. मीच म्हटलं, "अण्णा, रिक्षासमोरचं बटण दाबा तरी टाका." ते टाकलं, आणि खाली मुद्रक म्हणून दुकानाचं नाव टाकलं, मुद्दाम दोन पॉइंट मोठं. तो शहाणपणा नव्हता. तिसऱ्या दिवशी याद्यांचं काम देणाऱ्याचा पोरगा आला आणि काही न बोलता पेनड्राइव्ह मागून घेऊन गेला.

पैशांचं त्या मानानं सोपं होतं. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, आणि खर्चाची वही. या वहीत पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं असतात: रोजचा खर्च, रोकड, बँक. प्रचारात तीनदा ती तपासायला न्यावी लागते. ती मी लिहिली. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख, आमच्या गुलाबी पानावर मोठ्यात मोठी जमा अकराशे. बाकी पन्नास, शंभर, वीस. बायकोनं भाऊबिजेच्या ओवाळणीतले पाचशे दिले आणि पावती मागितली, पावतीशिवाय द्यायला तयार नव्हती. तपासणीला आमची वही बघून तिथला कर्मचारी म्हणाला, चहाचा दर जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे लावा, तुम्ही कमी लावलाय. अण्णांना चहा तेवढ्यालाच मिळायचा त्याला आम्ही काय करणार.

आता राहिलं मत. सूचक झालो, पत्रक छापलं, पैसे दिले, म्हणजे मत आलंच असं कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नव्हतं. आमच्याकडे दोघांत लढत घासून होती, निदान सगळे तसं म्हणत होते, आणि त्या दोघांपैकी एक निवडून यावा आणि दुसरा येऊ नये असं मलाही मनातून वाटत होतं. माझा एक मित्र, हायस्कुलात गणित शिकवतो, त्यानं मला रोज सकाळी एकेक आकडा ऐकवला. मुंबई वायव्यला जूनमध्ये रवींद्र वायकर अठ्ठेचाळीस मतांनी आले. लोकसभेच्या मतदारसंघात अठ्ठेचाळीस! शेजारच्या साताऱ्यात उदयनराजे साधारण बत्तीस हजारांनी आले, आणि तुतारीशी घोळ होणारं ट्रम्पेटचं चिन्ह घेतलेल्या, कुणाला माहीत नसलेल्या अपक्षाला सदतीस हजार मतं पडली. "तुझ्या अण्णांनी असं केलं तर? पाच वर्षं तू काय स्वतःला माफ करणार आहेस?"

त्याचं चुकत नव्हतं. पण मला दुकानात बसून जे दिसतं ते त्याला दिसत नाही. निवडणूक झाली की काही दिवसांनी बूथनिहाय मतांचा तक्ता बाहेर येतो, नमुना वीस म्हणतात त्याला. आपण निकाल बघून टीव्ही बंद करतो. पक्षांची माणसं तो तक्ता घेऊन माझ्याकडे येतात, ए-थ्रीवर मोठा करून घेतात आणि लाल पेनानं एकेक बूथ बघतात. कोणत्या वाडीत आपली चाळीस मतं कुठं गेली, का गेली, कुणाला फोन करायचा. जिंकणारा तर जास्तच बारकाईनं बघतो. मोठ्या उमेदवाराला दिलेलं माझं मत त्याच्या ढिगाऱ्यात पडलं की त्याच्या लेखी मी त्याचाच. रिक्षाच्या रकान्यात पडलं तर निदान लाल पेन तिथे एक क्षण थांबतं. मी मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "एका क्षणासाठी एवढं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर १९ तारखेला रात्री झोपतानाही माझं ठरलं नव्हतं.

२० नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला मी आमच्या बूथवर अण्णांचा मतदान प्रतिनिधी म्हणून हजर झालो. खऱ्या मतदानाआधी मॉक पोल होतो, निदान पन्नास मतं टाकून यंत्र बरोबर मोजतंय का बघतात. सगळ्या उमेदवारांना सारखी मतं टाकली, त्यामुळे सकाळी सव्वासहाला आम्ही बरोबरीत होतो. मोठ्या पक्षाच्या प्रतिनिधीनंच मला टाळी दिली. मग त्याचा डबा आला, पोहे आणि शिरा, त्यानं मलाही दिला. दिवसभर आम्ही दोघं एका बाकावर बसून येणाऱ्या नावांवर खुणा करत होतो. त्याच्या यादीत प्रत्येक नावापुढे अधिक, वजा किंवा गोल असं आधीच लिहिलेलं होतं. मी तिरक्या नजरेनं माझं नाव शोधलं. माझ्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. तात्यांपुढे अधिक.

दुपारी दोनला गर्दी कमी झाली तेव्हा मी उठून मत दिलं. यादीत मान्यताप्राप्त पक्ष वर, मग नोंदणीकृत छोटे, मग अपक्ष, त्यामुळे रिक्षा खाली, नोटाच्या दोन घरं वर. पेटीच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मी रिक्षा बघत उभा राहिलो. का दाबलं? मित्राच्या आकड्यांना उत्तर सापडलं म्हणून नाही. त्या प्रश्नचिन्हाचा राग आला होता म्हणून, असं आता वाटतं. यापेक्षा मोठं कारण असायला हवं होतं.

२३ ला निकाल. अण्णांना १,८७४ मतं. अनामतीचे दहा हजार गेले. घासून लढत म्हणत होते ती बावीस हजारांवर सुटली, त्यामुळे आमच्यामुळे कुणी पडला असं म्हणायचीही कुणाला सोय उरली नाही. मित्राचा फोन आला, म्हणाला, "सुटलास." मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. राज्यात ४,१३६ जण उभे होते, त्यातले निम्मे अपक्ष, आणि अपक्षांतले निवडून आले दोन, जुन्नरला आणि चंदगडला. दोघंही राजकारणातले जुने. कंडक्टर वगैरे कुणी नाही.

खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. आम्ही तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच दिला. एकूण ५८,३४० रुपये, अनामत वेगळी. मुक्कामी गाड्यांपैकी एक जानेवारीत सुरू झाली आणि पंधरा दिवसांत बंद पडली. अण्णा परत निराधारचे फॉर्म घेऊन येतात. खातं वहीत चालू आहे.

बूथचा तक्ता आला तेव्हा नेहमीप्रमाणे तो मोठा करून घ्यायला माणूस माझ्याकडेच आला, पेनड्राइव्ह नेलेलाच. त्याची प्रत काढली आणि एक माझ्यासाठी जास्त काढली. आमच्या बूथवर रिक्षाला एकतीस मतं होती. मला माहीत होती ती मोजली: मी, बायको, सूचक म्हातारी आणि तिची सून, चहावाला नक्की नाही, पण धरला. ओढूनताणून अकरा झाली. उरलेली वीस कोण? अजूनही कुणी आधार कार्ड घेऊन काउंटरवर आलं की मी तोंडाकडे बघतो. इतक्या कमी मतांत मत गुप्त राहत नाही, ही भीती मला आधी वाटली होती. माझ्यापुरती ती खरीही ठरली, पण त्या विसांचं मला काहीच कळलेलं नाही.

तक्ता घरी नेला. तात्यांनी चष्मा लावून रिक्षाच्या रकान्यावरून बोट खाली आणलं, आमच्या बूथवर थांबले.

"एकतीसच?"

त्यांचा आवाज मी नीट ऐकला. निकाल लागून महिना-दीड महिना झाला होता, या माणसानं त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. मी काही विचारलं नाही, तेही पुढे काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवली.

टोळी फेब्रुवारीच्या शेवटी आली. तोवर उसाला तुरे आले होते, वजनात मार बसला. मी तात्यांना म्हटलं, हे त्या पत्रकामुळे झालं का? त्यांनी बांधापलीकडे हात केला. शेजारचा ऊसही त्याच दिवशी तुटत होता, त्यालाही तसेच तुरे, आणि शेजारचा तर गेली वीस वर्षं त्यांच्याच स्टेजवर हार घेऊन उभा असतो.